कळलावी घरात आणली की भांडणं होतात?

‘कळलावी घरात आणू नका, भांडणं लागतात,’ असं या फुलवेलीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. घोळ नावामुळे झाला आहे. इथली कळ भांडणाची नसून बाळंतपणाची आहे. वेणा सुरू व्हाव्यात म्हणून पूर्वी हिच्या कंदाचा लेप लावत, त्यावरून हे नाव पडलं. कोकणात तर याच फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात आणि भाद्रपदात ती गौरीला वाहतात. जिला गौरीपुढे मान आहे, ती अपशकुनी कशी?

फूल नीट पाहा: सहा नागमोडी पाकळ्या मागे वळलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल. पानाचं टोकच लांबून आधाराला वेटोळं घालतं.

जपायचं ते विषापासून. कंदापासून बीपर्यंत सगळ्या वेलीत कोल्चिसिन असतं आणि उकळूनही ते जात नाही. नांगरासारखा वाकडा कंद रताळं समजून खाल्ला, तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. त्यावर खात्रीचा उतारा नाही. तडक दवाखाना गाठावा. वेणांसाठीचा लेप किंवा काढा तर मुळीच करू नये. पूजेला फुलं वरच्या वर कापावीत, हात साबणाने धुवावेत. कंद जमिनीतच राहू द्यावा. पुढच्या पावसाळ्यात वेल त्यातूनच उगवते.