तीन-दोन वेगळं, दोन-तीन वेगळं: लहान मुलांना ग्राफवरचा बिंदू कसा शिकवायचा

पुण्याचं ठिकाण मॅपवर आकड्यांत लिहायचं तर साधारण १८.५, ७३.९ असं लिहितात, आधी अक्षांश मग रेखांश. आता हेच दोन आकडे उलटे करून मॅपमध्ये टाकून बघा. पिन पडते ती नॉर्वेच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात, बेअर आयलंड नावाचं एक छोटंसं बेट आहे त्याच्या आसपास. आकडे तेच, दशांश चिन्हं जागच्या जागी, फक्त कोण आधी आणि कोण नंतर एवढंच बदललं आणि आपण हजारो किलोमीटर लांब. मॅपचं काम करणाऱ्या प्रोग्रामर लोकांना हा घोळ चांगलाच माहितीये, कारण बऱ्याच ठिकाणी अक्षांश आधी लिहितात आणि मॅपची माहिती साठवायच्या जिओजेसनसारख्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी.

गणितात याला क्रमित जोडी म्हणतात. (३, २) ही एक जागा, (२, ३) ही दुसरी. आपल्याकडे निर्देशक भूमिती हा अख्खा धडा म्हणून नववीत येतो. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे सुरू करतात, अमेरिकेत कॉमन कोअर हे सामायिक शैक्षणिक निकष पाळणाऱ्या राज्यांत पाचवीत. माझं म्हणणं असं आहे की पहिली-दुसरीतल्या पोरांनाही हे छान जमतं आणि नववीपर्यंत थांबायची काहीच गरज नाही, पण त्यासाठी आपण काय शिकवतोय याचे दोन भाग नीट वेगळे करायला पाहिजेत.

लहान मुलांना हे झेपेल का, असं वाटणं साहजिक आहे. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. एका कागदावर एक ठिपका, दुसरा कागद कोरा, सोबत पट्ट्या आणि काड्या, आणि मुलाला सांगायचं की या कोऱ्या कागदावर बरोबर त्याच जागी ठिपका दे. अगदी लहान मुलं नुसत्या नजरेने ठिपका देतात. थोडी मोठी मुलं पट्टी उचलतात पण एकच अंतर मोजतात, तेही बऱ्याचदा कोपऱ्यापासून तिरकं, आणि मग ते अंतर दुसऱ्या कागदावर नेताना पट्टीचा कल जरासा हलला की ठिपका भलतीकडे जातो. एका कडेपासून इतकं आणि दुसऱ्या कडेपासून इतकं, अशी दोन मापं घ्यायला पाहिजेत हे आपलं आपण सुचायला आठ-नऊ वर्षं वय व्हावं लागतं असं त्यांना दिसलं. पण आपलं आपण सुचणं वेगळं आणि समोर मांडल्यावर कळणं वेगळं. १९८५ मध्ये सॉमरव्हिल आणि ब्रायंट या दोन संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना एक झाकलेला चौकोन दाखवला, त्याच्या दोन बाजूंनी दोन काड्या थोड्याशा बाहेर डोकावत होत्या, आणि विचारलं की या काड्या आत सरळ गेल्या तर कुठे भेटतील, या ठिपक्यांपैकी कुठला? बऱ्याच मुलांना ते सांगता आलं. म्हणजे दोन दिशांनी येणाऱ्या दोन सरळ रेषा एकाच जागी भेटतात ही समज शाळेत जायच्या वयातच असते, तिला आकडे जोडायचे बाकी असतात.

आता ते दोन भाग. सपाट पृष्ठभागावरची जागा सांगायला दोन आकडे लागतात, एकाने भागत नाही, हा पहिला. हे गणित आहे, हे मूल स्वतः शोधून काढू शकतं. दुसरा भाग म्हणजे आडवा आकडा आधी आणि उभा नंतर. हे कोणालाही विचार करून सापडणार नाही कारण त्यात शोधण्यासारखं काही नाहीच, माणसांनी तसं ठरवलंय. बुद्धिबळात ई४ म्हणताना आडवं आधी येतं, स्प्रेडशीटमध्ये बी३ म्हणजे आधी कॉलम मग ओळ, पण मॅट्रिक्समध्ये आधी ओळ मग कॉलम, नाट्यगृहाच्या तिकिटावरही आधी रांग मग खुर्ची. कॉम्प्युटरवरच्या फोटोत तर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि उभे आकडे खाली जाताना वाढतात. इतक्या ठिकाणी इतके वेगळे नियम चालतात म्हणजे यातला कुठलाच निसर्गाने दिलेला नाही. त्यामुळे मुलाने "आडवंच आधी का?" असं विचारलं तर "सगळ्यांनी मिळून तसं ठरवलंय, म्हणजे एकमेकांचं कळतं" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे.

इतिहासातही असंच झालंय. जागा आणि रेषा आकड्यांत मांडायची कल्पना असलेलं फ्रेंच गणिती रने देकार्त यांचं भूमितीवरचं लिखाण १६३७ चं, आणि त्याच सुमारास पिएर द फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितींनीही स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती. पण आज आपण फळ्यावर काढतो ते एकमेकांना काटकोनात छेदणारे, दोन्हीकडे आकडे घातलेले दोन अक्ष देकार्त यांच्या पुस्तकात तसे दिसत नाहीत, ती मांडणी नंतरच्या गणितींनी हळूहळू पक्की केली. (छतावरची माशी बघून देकार्त यांना हे सुचलं ही गोष्ट सगळीकडे सांगतात, तिला पक्का पुरावा नाही, मुलांना सांगायची तर गोष्ट म्हणूनच सांगा.)

शिकवायला सुरुवात कुठून करायची, तर माझ्या मते आपल्या घरात याच्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू आहे ठिपक्यांची रांगोळी. एकाखाली एक सरळ ठिपके येतात ती घ्यायची, दोन ठिपक्यांच्या मधे खालचा ठिपका येतो ती सध्या नको. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असेल तर उत्तम, नसेल तर चौकटीची वही घेऊन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे ठिपके द्यायचे. रांगोळीच का, तर त्यात जागा म्हणजे ठिपका असतो, चौकट नसते. ही बारीक वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. बुद्धिबळाचा पट, स्प्रेडशीट, बॅटलशिपचा खेळ या सगळ्यांत आकडे दोन रेषांच्या मधल्या जागेला दिलेले असतात आणि उत्तर म्हणजे एक अख्खं घर असतं, तर ग्राफ पेपरवर आकडे रेषांना दिलेले असतात आणि उत्तर म्हणजे दोन रेषांचा छेदबिंदू. जे मूल फक्त घरं मोजायला शिकलंय ते ग्राफवर आलं की आकडा दोन रेषांच्या मधे लिहितं आणि ठिपकाही चौकटीच्या पोटात देतं, आणि मग (२, ३) आणि (२.५, ३) यात फरक काय हे त्याला कधी कळायची सोयच राहत नाही. म्हणून घरांचे खेळ जरूर खेळा, पण ग्राफवर येताना "आता नावं घरांची नाहीत, रेषांची" हे मोठ्याने बोलून दाखवा.

दुसरी अडचण शून्याची. मुलं वस्तू मोजताना एकपासून मोजतात, त्यामुळे पहिल्या रेषेलाच ती "एक" म्हणतात. खरं तर आपण रेषा मोजत नसतो, शून्यापासून किती पावलं सरकलो ते मोजत असतो, आणि अजून हललोच नाही म्हणजे शून्य. फरशीवर उभं करून हे लगेच कळतं. फरश्यांच्या जोडांवर चालायला सांगा, कोपऱ्यात उभं राहिलं की "किती पावलं झाली?" "एकपण नाही." झालं, तोच आरंभबिंदू. याच फरशीवर (०, ३) आणि (३, ०) करून घ्या, कारण कागदावर या दोन जागा मोठ्या मुलांनाही गंडवतात, आणि इथे "बाजूला गेलोच नाही, नुसता पुढे गेलो" असं मूल स्वतःच्या तोंडाने म्हणतं.

आता चालण्याबद्दल एक गोष्ट जी मला मनापासून सांगायचीये. ब्रिटनमधल्या शाळांत "आधी कॉरिडॉरमधून चाला, मग जिना चढा" असं पाठ करून घेतात, आपल्याकडेही "आधी आडवं मग उभं" म्हणतात. लक्षात ठेवायला ठीक आहे, पण यातून एक गैरसमज तयार होतो की चालायचा क्रम महत्त्वाचा आहे. तो नाहीये! (३, २) ला जाताना एखादी मुलगी आधी दोन पावलं वर गेली आणि मग तीन पावलं उजवीकडे, तर ती बरोबर त्याच ठिकाणी पोचते. तिला चूक म्हणून थांबवणं फार वाईट, कारण गणित तिच्या बाजूने आहे. क्रम असतो तो लिहिण्याचा, म्हणजे पहिला आकडा कुठल्या दिशेचा आणि दुसरा कुठल्या दिशेचा याचा. त्यामुळे मला चालण्यापेक्षा भेटण्याचा खेळ जास्त आवडतो. एक मूल खालच्या कडेवर ३ पाशी उभं करायचं, ते सरळ वर चालणार. दुसरं डाव्या कडेवर २ पाशी, ते सरळ उजवीकडे चालणार. दोघं जिथे भेटतील ती (३, २). यात कोण आधी निघालं याने काही बिघडत नाही हे मुलांना दिसतं, आणि पुढचा बिंदू शोधताना मागच्या बिंदूपासून मोजायला सुरुवात करायची जी सवय लागते तीही लागत नाही, कारण दर वेळी दोघं कडेपासूनच निघतात.

आणि मग खेळ. अमेरिकेत रॉबर्ट डेव्हिस यांच्या मॅडिसन प्रोजेक्ट या गणित शिकवण्याच्या उपक्रमात पन्नास-साठच्या दशकात फुल्ली-गोळ्याचा एक प्रकार खेळवत असत, तो मला या विषयातला सगळ्यात सुंदर शोध वाटतो. तुम्ही घरी किंवा वर्गात असा खेळू शकता: पाच उभ्या आणि पाच आडव्या रेषा, दोन्हीकडे ० ते ४ आकडे, दोन टीम. प्रत्येक टीमने फक्त दोन आकडे बोलायचे, बोट दाखवायचं नाही, ताईंनी किंवा सरांनी त्या छेदबिंदूवर फुली किंवा गोळा काढायचा, सलग चार आले की जिंकलं. आणि नियम सांगायचाच नाही. एखादी टीम "एक, तीन" म्हणते, त्यांच्या मनात वेगळीच जागा असते, फुली पडते दुसरीकडे. आरडाओरडा होतो, पण दोन-चार डावांत कोणीतरी ओरडतंच की अरे पहिला आकडा खालचा असतो! नियम ठरवलेला असला तरी तो मुलांनी पुराव्यावरून ओळखलेला असतो, आणि जिंकण्यासाठी लागतो म्हणून तो डोक्यात बसतो. सुरुवातीला शिक्षकांनी एक करायचं, पहिल्या खेळ्या (२, २) सारख्या आल्या तर त्यावरून कुणी अंदाज बांधू देऊ नये, कारण दोन्ही आकडे सारखे असले की क्रम उलटा केला तरी जागा तीच राहते आणि चुकीचा नियमही बरोबर वाटतो. वहीत उदाहरणं देतानाही हीच काळजी घ्या.

दोन्ही आकडे सारखे असलेल्या या जागांचीच एक मस्त गंमत आहे. मुलांना एक पताका काढायला द्या. काठी (२, ०) पासून (२, ६) पर्यंत, आणि कापड (२, ६), (५, ५), (२, ४) जोडून. मग म्हणा, आता प्रत्येक जोडीतले आकडे उलटे करा आणि दुसऱ्या रंगाने काढा. उभी काठी धाडकन आडवी होते, (०, २) ते (६, २), आणि पताका वर तोंड करून उभी राहते. पण पताकेचं टोक, (५, ५), ते मात्र हललेलं नाही! मग कागद (०, ०) पासून (५, ५) मधून जाणाऱ्या तिरक्या रेषेवर घडी घालायला लावा, दोन्ही पताका एकमेकींवर बरोबर बसतात. क्रम उलटा करणं म्हणजे त्या तिरक्या आरशात बघणं, ही गोष्ट कॉलेजात व्यस्त फलनाचा आलेख शिकताना परत भेटते आणि इथे सात वर्षांच्या मुलाने ती घडी घालून पाहिलेली असते. मला या कृतीइतकं आवडतं दुसरं काही नाही.

ऋण आकड्यांची घाई करू नका, पण दारही बंद करू नका. फुल्ली-गोळ्यात तीन सलग आले आणि चौथी जागा शून्याच्या डावीकडे येत असेल तर मुलं विचारतातच की इकडे जाता येईल का, मग रेषा वाढवायच्या आणि तिकडच्या जागांना काय म्हणायचं ते त्यांनाच विचारायचं. "शून्याच्या मागचा एक" असं कोणी म्हटलं तर ते घ्या, उणे एक हे नाव नंतर देता येतं. इंग्लंडमध्येसुद्धा चारही चरण, म्हणजे दोन अक्षांनी पडणारे उणे आकड्यांसकटचे चार भाग, दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी ठेवलेत, पहिल्या सुरुवातीनंतर दोन वर्षांनी.

त्या वयाच्या मुलांकडे कॉम्प्युटर असेल तर स्क्रॅच उघडून द्या, मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारं हे सॉफ्टवेअर एमआयटीने बनवलेलं आहे आणि फुकट आहे. त्यातला स्टेज, म्हणजे चित्रं हलतात तो पडदा, आडवा उणे २४० ते २४० आणि उभा उणे १८० ते १८०, शून्य बरोबर मध्यभागी. त्यातलं मांजर चारही कोपऱ्यांत नेऊन दाखव एवढंच सांगायचं. बहुतेक मुलं आकडे टाकून, चुकून, परत टाकून चारही चरणांची चिन्हं आपली आपण लावून घेतात, आणि मग पताकेची घडी इथेही करता येईल का असं विचारलं तर उणे आकडे उलटे केल्यावर काय होतं हे बघायला त्यांना नवं मैदान मिळतं.