पाळी, अंडाशय आणि साखर: एका उशिरा जुळलेल्या नात्याची पार्श्वभूमी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘दोन्ही अंडाशयांत अनेक सिस्ट’ असं वाचलं की घरात आधी गाठीची भीती शिरते. खरं तर त्या गाठी नसतातच. अर्धवट वाढून अडकलेले बीजकोश असतात ते. पडद्यावर मोत्यांच्या सरासारखे दिसतात. पुण्यात याला सरसकट ‘पीसीओडी’ (पॉलिसिस्टिक ओव्हरियन डिसीज) म्हणतात आणि ‘गोड कमी कर’ हा सल्ला दाराशी चप्पल काढायच्या आत मिळतो. पण साखर आणि पाळी यांचं नातं डॉक्टरांना नीट कळायला जवळजवळ 60 वर्षं लागली.

1921 मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी दाढी उगवलेल्या बायकांमधल्या मधुमेहाची नोंद केली. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी पाळी थांबलेल्या, अंडाशयं मोठी झालेल्या 7 स्त्रियांचं वर्णन केलं. पहिली नोंद मधुमेहाच्या खात्यात जमा झाली, दुसरी स्त्रीरोगाच्या. 1980 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना अशा स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं संप्रेरक) आणि पुरुषी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, हातात हात घालून वाढलेली दिसली, तेव्हा कुठे ही दोन खाती एकत्र आली.

होतं असं. वारंवार गोड पोटात गेलं की इन्सुलिन पुन्हा पुन्हा उसळतं. वजन वाढत गेलं आणि पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. गंमत अशी, की स्नायू बहिरे झाले तरी अंडाशयाला इन्सुलिनचं बोलणं ऐकू येत राहतं. तिथे ते पुरुषी संप्रेरकं वाढवतं. ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत तयार करतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं. मग बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात.

‘पण आमची मुलगी तर काडीसारखी आहे!’ याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या 6 गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी भरली. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. पुढे 2004 मध्ये त्यांनी स्वतःचीच तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3, पण चरबी सहकाऱ्याची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाटा आपल्याकडे अशी थाप मारतो.

साखरेचा थेट माग अलीकडचा आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या मुलींच्या अभ्यासात रोज दीडपेक्षा जास्त ग्लास गोड पेयं पिणाऱ्या मुलींना पहिली पाळी सरासरी 2.7 महिने लवकर आल्याचं दिसलं. 2018 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या, मूल हवं असलेल्या जोडप्यांत, गोड पेयं आणि गर्भधारणेची कमी शक्यता यांचा संबंध आढळला. स्त्रियांमध्येही आणि पुरुषांमध्येही. नवऱ्याच्या कोल्ड्रिंककडे मात्र आपल्याकडे कुणी बघत नाही.

हे सगळे संबंध आहेत, एकट्या साखरेवर गुन्हा शाबीत झालेला नाही. पीसीओडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही कुठल्या एका ठरावीक आहाराला झुकतं माप दिलेलं नाही. त्यामुळे पोरीला ‘तू खाल्लंस म्हणून झालं’ असं ऐकवण्याला शास्त्राचा आधार नाही.

हिशेब मात्र करून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये वरची साखर दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 च्या आसपास ठेवायला सांगितलं. अमृततुल्याच्या चहात साखर पातेल्यातच पडते, ‘बिनसाखरेचा’ म्हणायची सोय सहसा नसते. कपाला दोन चमचे धरले तर तीन कपांत 25 ग्रॅम संपले. ‘आम्ही गूळ वापरतो’ म्हणणाऱ्यांनी तोही याच हिशेबात धरावा.

आणि एक योगायोग. गर्भारपणातल्या मधुमेहासाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून रक्त तपासतात, ते बहुधा 24 ते 28 आठवड्यांत. म्हणजे जवळपास त्याच दिवसांत, जेव्हा घरात डोहाळजेवणाची तयारी चाललेली असते आणि वाट्यांखाली बर्फी की पेढा, यावर पैजा लागणार असतात.