सहीचं जुनं पत्र घेतलंय? फ्रेम करायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमचं छोटं दुकान म्हापशात आहे, काम फ्रेमिंगचं आणि जुने कागद जपायचं. हल्ली लोक फोनवरच लिलावात कुणा पुढाऱ्याचं सहीचं पत्र घेतात, पार्सल आलं की थेट आमच्याकडे आणतात नि म्हणतात, छान काच घालून द्या. घालतो की, पण आधी पाच मिनिटं बसा, चहा घ्या.

गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आले. घरात दोन पिढ्या मांडवीवर बार्जचा धंदा, त्यामुळे नदी-वाहतुकीचं काही दिसलं की त्यांचा हात खिशात जातोच. त्यांनी आणलेलं पत्र अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचं, तारीख १४ मार्च १९०७ (महायुद्धातले ते फ्रँकलिन रूझवेल्ट, हे त्यांच्या आधीचे, घोटाळा सगळ्यांचाच होतो).

मजकूर एकदम अस्सल इतिहासातला. मिसिसिपी खोऱ्यातल्या व्यापाऱ्यांच्या संघटनांनी अर्जावर अर्ज केले म्हणून रूझवेल्टनी नऊ जणांचा अंतर्गत जलमार्ग आयोग नेमला, अध्यक्ष ओहायोचे खासदार थिओडोर बर्टन, सदस्यांत वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचोट, आणि आयोगाने काय करायचं ते या पत्रात सांगितलंय. पिकं आणि कारखान्यांचा माल वेळेत हलवणं आता रेल्वेला झेपत नाही, तेव्हा नद्या कामाला लावा, खर्च मोठा होईल पण रेल्वेत गुंतलेल्या १७ अब्ज डॉलरपुढे तो किरकोळच. आणि खरी मजा पुढे आहे: आजवर कुणी बोटींसाठी, कुणी विजेसाठी, कुणी शेतीसाठी, कुणी पुरासाठी असं एकेक काम सुटं सुटं केलं, आता सगळ्या नदीचा एकत्र आराखडा करा म्हणतात. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालवा राष्ट्रीय जलमार्ग झाले, अनुक्रमे ६८, १११ आणि २७ नंबरचे, त्यामुळे आमचे गिऱ्हाईक ते पत्र आपल्याच नदीबद्दल असल्यासारखं वाचून दाखवत होते.

मग आम्ही सहीवर दहापट भिंग धरलं. सही म्हणजे नुसते ठिपके, बारीक बारीक, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. म्हणजे छापील नक्कल. विकणाऱ्याने जाहिरातीत "सहीचं पत्र" एवढंच लिहिलेलं, आता यावर भांडणार तरी काय.

तर भिंगाखाली असं बघा. पेनाची खरी सही असली तर शाई कागदाच्या तंतूंत उतरलेली दिसते, रेघ रेघेला ओलांडते तिथे गडद होते, दाब कमीजास्त होतो. रबरी शिक्का असला तर शाई सगळीकडे सारखी नि कडेला साचलेली. सेक्रेटरीने केलेली सही मात्र भिंगाने ओळखू येत नाही, ती खऱ्या सह्यांच्या नमुन्यांशीच ताडून बघावी लागते, आणि अमेरिकेत जमिनीच्या सनदांवर तर १८३३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावाने सेक्रेटरीच सही करत. लेटरहेडही बघा. "व्हाइट हाउस" हे नाव रूझवेल्टनीच १९०१ मध्ये अधिकृत केलं, त्याआधी कागदावर "एक्झिक्युटिव्ह मॅन्शन" असायचं, म्हणून १९०७ च्या पत्रावर जुनं नाव दिसलं तर दोनदा विचार करा. टाइप केलेल्या मजकुरात त्यांच्या हाताने शाईने खाडाखोड असेल तर घाणेरडं म्हणून तोंड वाकडं करू नका, उलट अशा पत्राला जास्त भाव.

आता आपली हवा. चिऱ्याची भिंत आषाढात ओली होते, त्यावर टांगलेल्या फ्रेमला आतून बुरशी येते, कसर लागते ती वेगळीच. म्हणून आम्ही ॲसिड नसलेला माउंट घालतो, काच कागदाला चिकटू देत नाही, मागे हवा खेळायला जागा ठेवतो. उन्हासमोर टांगू नका, जुनी शाई उडते. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की कागद गेलाच. सेलोटेपही नको. आणि फक्त सही कापून फोटोशेजारी लावा असं कुणी सांगितलं तर आमच्याकडे येऊ नका, आम्ही ते करत नाही, पैसे दुप्पट दिले तरी.

घरातले पोर्तुगीज काळातले दस्तही आणा, तेही याच पद्धतीने जपतो. पंचाहत्तर वर्षांवरचे ऐतिहासिक महत्त्वाचे कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, परदेशातल्या मुलाला कुरियर करायच्या आधी पुरातत्त्व खात्यात विचारून घ्या.

नुसतं बघून द्यायचे पैसे घेत नाही. येताना पत्र घडी न घालता, पुठ्ठ्यात घालून आणा, पाऊस असेल तर पिशवीत. शनिवारी दुपारनंतर बंद.

आणि हो, त्या बार्जवाल्यांनी ती नक्कल शेवटी फ्रेम करून घेतलीच, ऑफिसात लावलीय.