पवनचक्कीचा जनरेटर आणि सायकलची हब मोटर: सारखे दिसतात, मग एकाच्या जागी दुसरा चालेल का?

गच्चीवरची छोटी पवनचक्की बंद पडलीय, पाती मोडलीत पण जनरेटर हाताने फिरवला तर मस्त फिरतोय, मग तोच सायकलला हब मोटरच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरच्या, जागी लावला तर? हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो आणि उत्तरं टोकाची मिळतात, कोणी म्हणतं जनरेटर तो जनरेटर, मोटर ती मोटर, कोणी म्हणतं दोन्ही एकच, बिनधास्त लाव. माझ्या मते दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. मशीन म्हणून दोन्ही एकच आहेत हे शंभर टक्के खरं, पण वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) कशासाठी केलंय आणि बॉडी कुठे बसवायची म्हणून बनवलीय, तिथे दोघांचे रस्ते वेगळे होतात.

आधी सारखेपणा बघू. दोन्हीत फिरणाऱ्या भागावर पर्मनंट मॅग्नेट, स्थिर भागावर तांब्याची तीन फेजची वाइंडिंग, बाहेर तीन जाड वायर. बाहेरून फिरवलं की वीज, वीज दिली की फिरणं. हे उलटसुलट चालतं हे जगाला ठळकपणे दिसलं ते 1873 च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात, तिथे झेनोब ग्राम या संशोधकाचे डायनॅमो, म्हणजे वीज बनवणारी यंत्रं, मांडले होते आणि चालू डायनॅमोच्या वायर दुसऱ्या बंद डायनॅमोला जोडल्या गेल्या तर तो दुसरा आपसूक फिरायला लागला. म्हणजे "फिरेल का" हा प्रश्नच नाहीये, फिरणार. किती वेगाने, किती जोर लावून आणि किती तापून, हे प्रश्न खरे.

जनरेटरमधून वायर किती बाहेर आल्यात ते सगळ्यात आधी बघा. तीन असतील तर उत्तम. लाल आणि काळी अशा दोनच असतील तर आत डायोड ब्रिज बसवलेला आहे, म्हणजे सहा डायोड जे तीन फेजच्या एसीचं डीसी करतात, आणि डायोड हा एकाच दिशेने करंट सोडतो, त्यामुळे त्या दोन वायरना बॅटरी लावून मोटर फिरणार नाही, उलटी बॅटरी लावलीत तर ब्रिज शॉर्ट होऊन डायोड जळतील. कव्हर उघडून ब्रिजच्या अलीकडून तीन फेज बाहेर काढाव्या लागतात. इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो, ई-सायकलच्या कंट्रोलरमध्ये (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी देणारा डबा) सहा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात ना, ते बरोब्बर त्या सहा डायोडच्या जागी बसतात. तोच ब्रिज, फक्त डायोड आपोआप उघडतो आणि मॉसफेट आपल्याला हवा तेव्हा उघडता येतो. पवनचक्कीचा चार्ज कंट्रोलर मात्र इथे काही कामाचा नाही, त्याचं काम बॅटरी भरली की जास्तीची वीज हीटरवर वळवणं, मोटर चालवणं नाही.

आता मुख्य मुद्दा, एका व्होल्टला किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे. 26 इंची चाकाचा घेर साधारण 2.07 मीटर, म्हणजे ताशी 25 किमी वेगाला चाक मिनिटाला जेमतेम 200 वेळा फिरतं. 36 व्होल्टची हब मोटर याच हिशोबाने गुंडाळलेली असते. पवनचक्कीचा जनरेटर पात्यांच्या हिशोबाने गुंडाळलेला असतो आणि छोटी पाती बरीच जोरात फिरतात. तुमचा जनरेटर किती आहे हे घरी मोजता येतं. शाफ्टच्या टोकाच्या नटावर सॉकेट बसवून ड्रिल मशीनने फिरवा, स्पीड टॅकोमीटरने (फेरे मोजणारं यंत्र) बघा आणि तीनपैकी कुठल्याही दोन वायरमध्ये मल्टिमीटर एसीवर ठेवून व्होल्टेज घ्या. समजा 600 आरपीएमला 34 व्होल्ट एसी आले, त्याला 1.41 ने गुणलं की साधारण 48 व्होल्ट डीसी, म्हणजे व्होल्टमागे साडेबारा आरपीएम. याला 36 व्होल्टची बॅटरी लावली तर लोड नसताना 450 आरपीएम. थेट चाकावर बसवला तर सायकल 50 च्या वर पळवायला बघेल आणि चढावर दम सोडेल, म्हणून चेनने निम्मा करायचा, शाफ्टवर 14 दात, चाकावर 28. आता चाक 225, म्हणजे लोड नसताना 28 किमी आणि माणूस बसल्यावर बावीस-तेवीसच्या आसपास, जे सायकलला छान आहे. जोरही दुप्पट होतो. या जनरेटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, अँपिअरमागे साधारण 0.76 न्यूटन मीटर निघतो (9.55 भागिले साडेबारा), 15 अँपिअरला साडेअकरा, चेननंतर चाकावर 23. सायकलस्वारासकट 90 किलो वजन 5 टक्के चढावर ओढायला, थोडं पायडल मारत, एवढं पुरतं.

पण हे सगळं वाइंडिंग तापलं नाही तर. माझ्या मते बहुतेक जुगाड इथेच मरतात आणि याबद्दल लोक बोलतच नाहीत. पवनचक्कीत जोरात लोड येतो तेव्हा वाराही जोरात असतो, बॉडीवरून हवा वाहत असते, जनरेटर आपोआप थंड होतो, शिवाय वारा फुकट, म्हणून तांबं थोडं कमी वापरलं तरी चालून जातं. सायकलवर उलटं आहे, सगळ्यात जास्त करंट चढावर, जेव्हा वेग सगळ्यात कमी आणि हवा जवळपास नाहीच. दोन फेजमधला रेझिस्टन्स 1 ओहम असेल तर 15 अँपिअरला 225 वॅट नुसती उष्णता. 36 व्होल्ट गुणिले 15 म्हणजे 540 वॅट बॅटरीतून घेऊन त्यातले 225 तांबं तापवण्यात घालवायचे, हे काही खरं नाही. हब मोटरमध्ये हाच रेझिस्टन्स ओहमच्या पाव भागाच्या आसपास असतो. साध्या मल्टिमीटरवर इतका कमी ओहम नीट कळत नाही, तर दोन फेजमधून 2 अँपिअर डीसी सोडा, त्यांच्यातच व्होल्टेज मोजा आणि 2 ने भागा. अर्ध्या ओहमच्या वर आलं तर सायकलचा नाद सोडा, मनापासून सांगतोय.

हॉल सेन्सर हा त्यामानाने छोटा फरक. हब मोटरमध्ये जाड वायरींबरोबर पाच बारीक वायर येतात, मॅग्नेट आत्ता कुठे आहे ते त्या कंट्रोलरला सांगतात. जनरेटरला हे कळायची गरजच नव्हती म्हणून नसतात. सेन्सरलेस कंट्रोलर घ्या, जागेवरून निघताना तो अडखळतो पण आपल्याकडे पायडल आहेत, दोन पायडल मारून मग थ्रॉटल द्यायचा. फक्त हाताने फिरवल्यावर अजिबात कुठे न अडकता लोण्यासारखा फिरणारा जनरेटर असेल तर जरा जपून, आत लोखंडी कोअर नसेल तर इंडक्टन्स (करंट एकदम वाढू न देण्याचा गुण) फार कमी असतो आणि साध्या कंट्रोलरला करंट आवरत नाही.

बसवण्यात तर दोघं अगदी विरुद्ध. हब मोटरचा एक्सल चिमट्यात घट्ट बसतो आणि बाहेरची बॉडी फिरते, तिच्यावरच तारा आणि रिम. पवनचक्कीत बॉडी टॉवरला पक्की, शाफ्ट फिरतो. म्हणून त्याला फ्रेमवर ब्रॅकेट करून डाव्या बाजूने चेन द्यावी लागते, आणि चाकावरचा स्प्रॉकेट फ्रीव्हीलवाला हवा, नाहीतर बॅटरी संपल्यावर तो जडशीळ रोटर पायाने ओढत बसावं लागेल.

लेबलवरच्या वॅटवर जाऊ नका. वाऱ्याची पॉवर वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे 12 मीटर प्रति सेकंदाला 400 वॅट म्हणजे 6 मीटरला 50 च. तो आकडा वाऱ्याचा आहे, मोटर किती वेळ किती पॉवर झेपवेल याचा नाही. हब मोटरवरचे 250 वॅट मात्र सतत चालण्याचे असतात, आणि आपल्याकडच्या नियमातही विनानोंदणी सायकलसाठी 30 मिनिटांची पॉवर 250 वॅटच्या आत आणि वेग 25 किमीच्या आत असंच धरलंय.

तर शिकायचं असेल, रेझिस्टन्स कमी निघाला असेल आणि वेल्डिंगवाला ओळखीचा असेल तर जरूर करा, तीन फेजची मोटर हाताने समजून घ्यायला यापेक्षा चांगला प्रोजेक्ट नाही. रोज ऑफिसला जायचं असेल तर हब मोटरच घ्या. आणि हौस पवनचक्कीची असेल तर उलटा प्रयोग जास्त फायद्याचा, जुन्या हब मोटरचा जनरेटर. बॉडी फिरतीच आहे, पाती तिच्यावर बोल्ट करता येतात, डायोड ब्रिज बाहेरून लावायचा. फक्त ती मोटर डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे आत गिअर नसलेली, हवी. गिअरवाल्या हब मोटरमध्ये एकदिशा क्लच असतो, चाक पुढे फिरवलं तर आतली मोटर जागची हलतच नाही, मग वीज कुठली. घेण्याआधी दुकानातच तिन्ही जाड वायर एकत्र पिळा आणि चाक पुढे फिरवा, जड लागलं तर डायरेक्ट ड्राइव्ह, हलकंच फिरलं तर क्लच आहे किंवा वाइंडिंग गेलंय.