‘क्लोजर’ घरी नेताना

जॉय डिव्हिजन या चार जणांच्या ब्रिटिश रॉक बँडची ‘क्लोजर’ आमच्याकडून घेतल्याबद्दल आभार. ही रेकॉर्ड नेलेले काही जण आठवडाभरात परत येऊन विचारतात, “आवाज लांबून येतोय, प्रत खराब आहे का?” म्हणून हा कागद प्रत्येक प्रतीसोबत देतो.

प्रत चांगली आहे. मार्च १९८०मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेटने हा आवाज असाच घडवला. ड्रमचा ठोका कोरडा पडतो आणि त्याचा पडसाद मागून येतो. गायक इयन कर्टिस रिकाम्या दालनात उभा राहून गातोय असं वाटतं. पीटर हुकचा बास गिटार तळाशी न राहता वरच्या पट्टीत सूर धरतो. ‘ट्वेंटी फोर अवर्स’मध्ये तो नीट ऐका. पहिल्या गाण्यात तर हुकने गिटार आणि गिटारवादक बर्नार्ड समनरने बास घेतलाय, म्हणून ती गिटार अशी ओरखडे काढते.

दुसऱ्या बाजूला ‘द इटर्नल’च्या सुरुवातीला सरसर ऐकू येते. ती धूळ नाही, मुद्दाम ठेवलेला आवाज आहे. कृपया सुई उचलून रेकॉर्ड पुसू नका. थोडं थांबा, पियानो येतो. आमच्या मते अख्ख्या रेकॉर्डमधली सगळ्यात सुंदर जागा ती.

कर्टिसला अपस्माराचा त्रास होता. १८ मे १९८० रोजी, अमेरिका दौऱ्याला निघण्याच्या आदल्या दिवशी, त्याने आयुष्य संपवलं. वय २३. बरोबर दोन महिन्यांनी, १८ जुलैला, मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने ‘क्लोजर’ बाजारात आणली आणि ती ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. कव्हरवर इटलीतल्या जिनोआ शहरातल्या स्टाल्येनो दफनभूमीतली आप्पियानी कुटुंबाची समाधी आहे. फोटो बर्नार पिएर वुल्फ यांचा. कव्हरवर समाधी बघून कर्टिसच्या मृत्यूचा बाजार मांडला, असं अनेकांना वाटतं. पण हे चित्र तो हयात असतानाच ठरलं होतं आणि गाणीही तेव्हाच ध्वनिमुद्रित झाली होती. एवढं कळलं की ही रेकॉर्ड शोकसभेसारखी ऐकू येत नाही. चार तरुण मन लावून काम करताना ऐकू येतात.

तरीही ही गाणी जड आहेत. मन आधीच खचलेलं असेल तर आज नको, पुन्हा कधीतरी लावा, आणि कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

याच बँडचं ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे गाणं यात का नाही, हेही विचारलं जातं. ते सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्र छोट्या रेकॉर्डवर, वेगळं निघालं होतं. मूळ अल्बमची नऊ गाणी तेवढीच.

वेग मिनिटाला ३३⅓ फेरे ठेवा. रेकॉर्ड कडेनेच धरा, उभी ठेवा. शेवटचं गाणं ‘डीकेड्स’ संपताना आवाज हळूहळू विरतो, तिथे बारीकशी धूळही कानाला बोचते. लावण्याआधी ब्रश फिरवा. एकाच जागी सुई दोनदा उडाली, तर पंधरा दिवसांत पावतीसह आणा. तुमच्यासमोर आमच्या यंत्रावर लावून बघू आणि दोष निघाला तर बदलून देऊ.