कमांड लाइनवरून डाउनलोड आणि त्याचा लॉग (लिनक्स)

ब्राउझर न उघडता टर्मिनलवरूनच फाइल उतरवून घ्यायची आणि उतरवताना काय काय झालं ते दुसऱ्या एका फाइलीत लिहून ठेवायचं, असा हा प्रकार. डाउनलोड रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून चालतं, बघायला कोणीच नसतं, तेव्हा सकाळी बघायला हातात काय असतं तर हा लॉग.

हत्यारं मुख्य दोन, डब्ल्यूगेट (wget) आणि कर्ल (curl). डब्ल्यूगेट हे १९९६ सालचं, ह्रवोये निकशिच यांनी लिहिलेलं, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातलं. कर्ल डॅनियल स्टेनबर्ग यांचं, १९९८ पासून या नावानं. डब्ल्यूगेटला लिंक दिली की ते फाइल चालू डिरेक्टरीत टाकून मोकळं होतं, कर्लला मात्र काही सांगितलं नाही तर ते मजकूर थेट स्क्रीनवर ओततं, म्हणून त्याला मायनस कॅपिटल ओ (म्हणजे -O) लावायचं, मग सर्व्हरवरच्याच नावानं फाइल सेव्ह होते. लिंक दुसरीकडे रीडायरेक्ट होत असेल तर कर्लला मायनस कॅपिटल एल पण लागतं.

आता लॉग, आणि गोची इथेच होते. नवीन माणूस डब्ल्यूगेटच्या कमांडपुढे > टाकून फाइलचं नाव देतो आणि बघतो तर लॉग रिकामा, सगळी बडबड स्क्रीनवरच. कारण प्रोग्रामला बाहेर लिहायच्या वाटा दोन असतात, १ नंबरची स्टँडर्ड आउटपुट आणि २ नंबरची स्टँडर्ड एरर, आणि डब्ल्यूगेट आपले सगळे मेसेज २ नंबरवर सोडतं, एरर असो नसो. साधा > फक्त १ नंबर वळवतो, त्यामुळे > च्या आधी दोनचा आकडा चिकटवून लिहावा लागतो, मध्ये स्पेस नाही.

त्यापेक्षा डब्ल्यूगेटचं स्वतःचं मायनस स्मॉल ओ बरं, पुढे लॉगचं नाव द्यायचं, बस. पण हे दर वेळी जुना लॉग पुसतं, रोज चालणाऱ्या कामाला मायनस स्मॉल ए वापरा, ते खाली जोडत जातं. आणि कॅपिटल ओ वेगळं हां, ते डाउनलोड होणाऱ्या फाइलचं नाव ठरवतं. दोघांची अदलाबदल झाली की झिप म्हणून उघडायला गेलेल्या फाइलीत नुसता लॉग निघतो. मायनस स्मॉल बी दिलं तर काम बॅकग्राउंडला जातं आणि लॉग आपोआप डब्ल्यूगेट-लॉग नावाच्या फाइलीत.

कर्लचा प्रोग्रेस मीटर पण २ नंबरवरच जातो, आणि तो एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहीत असल्यामुळे लॉगमध्ये नुसता आकड्यांचा चिखल होतो. म्हणून स्मॉल एस आणि कॅपिटल एस सोबत द्यायचे, मीटर बंद, एरर चालू.

स्क्रीनवर पण दिसायला हवं आणि फाइलीत पण, तर २ नंबर १ मध्ये मिसळून (2>&1) पाइपनं, म्हणजे | या चिन्हानं, टी (tee) कमांडकडे द्यायचं, ती दोन्हीकडे लिहिते. पण मग एक्झिट कोड, म्हणजे काम संपल्यावर प्रोग्राम परत देतो तो आकडा (शून्य म्हणजे सगळं ठीक), टीचा मिळतो, डाउनलोडचा नाही, म्हणजे डाउनलोड आपटलं तरी स्क्रिप्टला शून्यच दिसतो. बॅश या शेलमध्ये यावर पाइपफेल (pipefail) सेट करतात, मग पाइपमधलं काहीही आपटलं तरी कोड शून्य येत नाही. कर्लचं तर आणखी एक आहे, सर्व्हरनं ४०४ (पान सापडलं नाही) दिला तरी ते एररचं पान इमानदारीत सेव्ह करून शून्य परत देतं. मायनस स्मॉल एफ लावलं की अशा वेळी कोड २२ येतो.