उद्धटपणा आणि मायक्रोॲग्रेशन: नम्र माणसाचं काय करायचं?

अमेरिकेतली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. ऑफिसच्या दारात कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका उभ्या आहेत, गळ्यात ओळखपत्र. एक पालक येतात आणि हसून त्यांनाच विचारतात, "प्रिन्सिपल कुठे भेटतील?" मागून दुसरे येतात, टेबलावर फाइल आपटतात: "या शाळेत कुणी काम करतं की नाही?"

उद्धट कोण, हे सांगायला नको. पण मायक्रोॲग्रेशन, म्हणजे एखाद्या समाजगटाबद्दलच्या पूर्वग्रहातून नकळतही होणारा छोटासा अपमान, आहे ते पहिल्याच्या प्रश्नात, आणि ते गृहस्थ अगदी सभ्यपणे बोलले होते.

घोळ होतो तो इथेच. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये हा शब्द रूढ केला. त्यातल्या 'मायक्रो'मुळे अनेकांना तो सौम्य उद्धटपणा वाटतो. तसं नाही. फाइल आपटणारा माणूस गोऱ्या मुख्याध्यापकासमोरही आपटेल. तो त्याचा स्वभाव. "प्रिन्सिपल कुठे?" हा प्रश्न मात्र त्या गोऱ्या पुरुषाच्या वाट्याला क्वचितच येतो. बाईंच्या वाट्याला तो पुन्हा पुन्हा येतो, कारण खुर्चीवर कोण बसलेलं असणार याचं चित्र विचारणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतं.

ते चित्र आपोआप झालेलं नाही. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राऊन निकालानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत शाळा एकत्र करताना कृष्णवर्णीयांच्या अनेक शाळा बंद झाल्या. तिथल्या कितीतरी मुख्याध्यापकांना घरी बसवलं गेलं किंवा खालच्या पदावर आणलं गेलं. मुलं गोऱ्या शाळांत गेली, त्यांचे मुख्याध्यापक गेले नाहीत.

कौतुकातही हे लपतं. "किती छान बोलता हो तुम्ही!" असं पीएचडी झालेल्या प्राचार्यांना सांगणाऱ्याला उद्धट कसं म्हणणार? पण त्या आश्चर्याचा अर्थ कृष्णवर्णीय बाईंना कळतो: तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मीटिंगमध्ये पुरुषाने टेबलावर हात ठेवून सांगितलं तर तो ठाम, तेच त्यांनी सांगितलं तर "जरा शांतपणे घ्या." म्हणजे टोकलं तर रागीट, गप्प बसलं तर चालवून घेतलं. उद्धट माणसाला निदान उलट उत्तर देता येतं.

एकच प्रसंग समोर असेल तर दोन्हींतला फरक कित्येकदा सांगता येत नाही, हे कबूल करायला हवं. समोरच्याचा हेतू विचारूनही फारसं हाती लागत नाही. हेच इतर कुणाशी होतं का, आणि यांच्याशी कितीदा होतं, एवढं मात्र पाहता येतं.

हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचा, नोव्हेंबर १९३८ मधला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचा प्रसंग पाहा. दक्षिणेच्या सामाजिक प्रश्नांवरच्या एका परिषदेत पोलिसांनी गोऱ्या-काळ्यांना वेगवेगळं बसायला लावलं. तो उघड भेदभाव, त्याला दुसरं नाव शोधायला नको. त्याच परिषदेत अध्यक्षस्थानी असलेल्या गोऱ्या बाईंनी कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांना नुसतं "मेरी" म्हणून मंचावर बोलावलं. बेथ्यून तेव्हा कॉलेजच्या अध्यक्षा होत्या. दक्षिणेत कृष्णवर्णीय स्त्रीला 'मिसेस' न लावण्याची रीतच होती. आपल्याकडे एखाद्या प्राचार्यांना भर सभेत 'अगं' म्हणावं, तसंच. बेथ्यून उभ्या राहिल्या आणि आपलं नाव 'मिसेस बेथ्यून' असल्याचं त्यांनी सांगितलं. मग त्यांना पुन्हा बोलवावं लागलं, या वेळी त्याच नावाने.